फिरत्या फळ्यावरचं कोंबडीचं पान

दचकू नका. मागे वळून बघू नका, तिथे कुणी नाही. मी बोलतोय, फळा. खरं तर दचकायची सवय माझीच. दार आपटलं की मी दचकतो, खडू मोडला की दचकतो, शेगडीत ओलं लाकूड तडकलं तरी माझी चौकट थरथरते. आमचे पांफिल गुरुजी म्हणायचे, "या फळ्याला कुणीतरी मांडीवर घेऊन थोपटायला हवं."

मी साधा भिंतीवरचा फळा नाही, फिरता आहे. दोन लाकडी पायांची चौकट, चौकटीत आडवा दांडा आणि त्या दांड्यावर मी. वरून जरा ढकललं की गर्रकन उलटतो. माझी एक बाजू लहान पोरांसाठी रेघा आखलेली, दुसरी मोठ्यांसाठी कोरी. दोन बाजू आहेत म्हणून लोक चेष्टा करतात. करू देत. पोदुरेले गावच्या शाळेत एका बाजूवर भागत नाही. इथे खोली एक, शिकवणारं माणूस एक आणि वर्ग चार.

मी इथल्याच डोंगरातला, देवदाराच्या जातीचा. माझ्या भाऊबंदांची कुणाची कुंपणं झाली, कुणाची मेंढ्यांच्या गोठ्यावरची छपरं, काही शवपेट्या होऊन जमिनीत गेले. मला सुताराने रंधा मारला, काळपट हिरवा रंग दिला आणि बैलगाडीत घालून या खोलीत आणून उभा केला. रंग अजून ओला होता. त्यावर एका पोराने बोट उमटवलं, तो ठसा अजून माझ्या कोपऱ्यात आहे.

पांफिल गुरुजींनी मला आयुष्यभर फिरवलं. रोजच्या पाठाचं टाचण ते कागदावर काढत नसत, डोक्यात ठेवत. म्हणायचे, "चार वर्ग म्हणजे एका चुलीवरची चार भांडी. एक ढवळायचं, तेवढ्यात दुसरं उतू जायला लागतं." पहिलीला वाचायला शिकवायचं, तोवर चौथीने आपलं आपण नकाशा काढायचा. मग मला उलटायचं, चौथीला परिसर अभ्यास सांगायचा, तोवर पहिलीने आपलं आपण ओळी गिरवायच्या. गुरुजींसोबत किंवा बाईंसोबत आणि आपलं आपण, या दोन खणांतच आमच्या शाळेचं सगळं शिकणं चालतं.

पण अशा खोलीत मधे भिंत नसते. पहिलीचा धडा चौथीच्या कानावर पडतो, चौथीचा इतिहास पहिलीच्या. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून चार वर्षांचं पोरसुद्धा भावंडाबरोबर येतं, शेगडीजवळ पाट्यांच्या ढिगावर बसतं आणि सगळं ऐकत राहतं. त्याचं नाव अजून शाळेत नसतं. कान मात्र असतात.

गुरुजी थकले, मुलाकडे राहायला गेले. नंतर कितीतरी जण आले आणि गेले. एक बाई पहिला बर्फ पडताच परतल्या. एक मास्तर दर सोमवारी आजारी पडायचे. मग रुक्सांद्रा आली.

ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, बारीक, डोळे सतत दाराकडे. पहिल्या दिवशी पोरांनी दिलेली फुलं हातात घेऊन ती आत येत होती, तेवढ्यात मेंढ्यांचा कुत्रा भुंकला. रुक्सांद्राने फुलं सोडली आणि मला मिठी मारली. मीही घाबरलेलोच होतो. आमची गट्टी तिथेच जमली.

भाड्याची खोली गार, म्हणून ती शाळा सुटल्यावर शेगडीजवळ थांबून टाचण काढायची, आणि आधी माझ्यावर. उभी रेघ मारायची, दोन खण करायची. वाचन, लेखन, परिसर अभ्यास. कुठे थांबायचं, कुठे प्रश्न विचारायचा, सगळं लिहायची. त्याखाली, 'कुणीच उत्तर दिलं नाही तर?' मग त्याचं वेगळं टाचण. त्याखाली, 'त्यावरही दिलं नाही तर?' असं करत करत ती माझ्या तळाशी येऊन उकिडवी बसायची आणि जागा संपायची. मग सगळं वहीत उतरवून मला पुसायची. पुसताना हात हलका असायचा तिचा.

तिला काळजी होती नोकरीत कायम होण्याची. वसंतात तपासनीस येणार, पाठ बघणार, गुण देणार. गुण मिळाले तर ती इथे कायम. नाही मिळाले तर काय, हे खालच्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका अग्लाया मॅडमनी पहिल्या थंडीतच सांगून टाकलं होतं.

"हे बघ रुक्सांद्रा, मी तुझ्या आईसारखी आहे, म्हणून स्पष्ट बोलते. कायम शिक्षक असेल तर ही शाळा राहील. नसेल तर पुढच्या वर्षी ही पोरं गाडीत घालून खाली नेणार. तिकडे एकेका वर्गात तीस-तीस पोरं आहेत. यांचं काय व्हायचं ते होईल."

"हो मॅडम," रुक्सांद्रा म्हणाली. तेवढ्यात तिच्या हातून डस्टर पडलं. आम्ही दोघंही दचकलो.

या सगळ्या काळजीत तिला एक दिलासा होता. पहिलीतली सोफिका.

सोफिकाची आई इटलीत कुणाच्यातरी म्हाताऱ्या आईला सांभाळते. बाप बांधकामावर, तोही परदेशातच. दोघी बहिणी तोआदेर आजोबांजवळ असतात. आजोबा रोज सकाळी येऊन शाळेची शेगडी पेटवतात. थोरली सावेता चौथीत. सोफिका चार वर्षांची होती तेव्हापासून ताईबरोबर येऊन शेगडीजवळ बसायची. पहिलीत तिचं नाव घातलं तर काय, पोरगी पुस्तक उघडताच घडाघडा वाचायला लागली! शब्दाखाली बोट, मान ताठ, आवाज खणखणीत. बाकीची पोरं एकेका अक्षराशी झटापट करत असताना ही पानाच्या शेवटी पोचून सगळ्यांची वाट बघत उभी.

"तू वाचलंस ना, की मला वाटतं, मला शिकवता येतं," रुक्सांद्रा तिला एकदा म्हणाली होती.

आता माझं दुखणं सांगतो. मला कुणी वाचत असेल तर मला कळतं. वाचणाऱ्याची नजर अंगावरून मुंगी चालावी तशी जाते, अडखळते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. गुदगुल्या होतात. सोफिकाची नजर माझ्यावर नुसती टेकायची. खिडकीच्या काचेवर टेकावी तशी.

एकदा रुक्सांद्रा माझ्यावर पुस्तकातलं कोंबडीचं पान उतरवत होती. 'कोंबडी अंगणात आली. तिच्यामागे पिल्लं आली.' एवढ्यात खडू संपला आणि ती दुसरा आणायला कपाटाकडे गेली. तिकडे चौथीच्या पोरांनी तिला प्रश्नांत अडकवलं. इकडे सोफिका उठली, हवेत बोट धरलं आणि वाचू लागली. "कोंबडी अंगणात आली. तिच्यामागे पिल्लं आली. कोंबडीने दाणे टिपले. पिल्लांनी पाणी प्यायलं."

दाणे अजून माझ्यावर आलेच नव्हते! पाणीही नव्हतं. ती माझ्या कोऱ्या अंगावरून बोट फिरवत वाचत होती.

मी गार पडलो. सगळं पुस्तक तिने तीन वर्षं शेगडीजवळ बसून ऐकलं होतं. पानावरचं चित्र बघितलं की पान आठवायचं. बघून लिहायला सांगितलं की चित्र काढावं तसं सुरेख उतरवायची. न बघता लिहायची वेळ आली की ताईला चिकटून बसायची, आणि सावेता तोच शब्द लिहून हात जरा बाजूला घ्यायची. ती काही फसवत नव्हती हो. तिला वाटायचं, वाचणं म्हणतात ते हेच.

मला कळलं, पण मी सांगू कसं? मला खडूशिवाय तोंड नाही आणि खडू दुसऱ्याच्या हातात.

मार्च लागला. वसंत आला म्हणून पोरांनी रिवाजाप्रमाणे रुक्सांद्राच्या स्वेटरवर लाल-पांढरे धागे लावले, एक माझ्या चौकटीलाही बांधला. तपासणीचा दिवस ठरला. रुक्सांद्राने माझ्यावर टाचण मांडलं. मोठ्यांना परिसर अभ्यास, आपल्या गावाचा नकाशा. लहानांना वाचन, कोंबडीचं पान. आणि खणाच्या मधोमध गोल करून लिहिलं, 'सोफिका वाचेल.'

मला ओरडावंसं वाटलं. माझा दांडा फक्त करकरला. रुक्सांद्राने त्याला तेल घातलं.

अग्लाया मॅडम वर आल्या आणि तालीम घेतली. "ऐका रे पोरांनो. साहेब आले की प्रश्नाला सगळ्यांचे हात वर! येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाई उजव्यालाच विचारतील. कळलं?"

सावेताने हात वर केला. "मॅडम, आणि हात कुठला ते चुकलं तर?"

"मग तुझं नशीब, बाळे."

रुक्सांद्रा नखं कुरतडत उभी होती. "मॅडम, हे असं…"

"सगळ्या असंच करतात. मीही केलं होतं. गप्प बैस."

तपासणीच्या आदल्या दुपारी ते घडलं. शाळा सुटली होती. आजोबांची मेंढी विताना अडली होती म्हणून ते गोठ्यात, सावेता त्यांच्या मदतीला. सोफिका शेगडीपाशी अक्रोड फोडत त्यांची वाट बघत होती. रुक्सांद्राने माझ्या तळाशी लिहिलं, 'सकाळी लाकडं लवकर आणा.' मग हात झटकले.

"सोफिका, हे वाचून घे बरं. आजोबांना निरोप द्यायचाय."

सोफिका आली. बोट ठेवलं. "कोंबडी अंगणात आली."

रुक्सांद्रा हसली. "चल, लबाड. नीट वाच."

"वाचतेय की! तिच्यामागे पिल्लं आली." बोट 'लाकडं'खालून चाललं होतं. "कोंबडीने दाणे…"

रुक्सांद्राचं हसू हळूहळू उतरलं. तिने एक कोपरा पुसला आणि एकच शब्द लिहिला. घर. "आणि हे गं?"

सोफिकाने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने रुक्सांद्राच्या तोंडाकडे बघितलं.

"कोणत्या पानावरचं आहे ते सांगा ना बाई. मग वाचते."

खडू रुक्सांद्राच्या बोटांत होता, तो तिने इतका दाबला की त्याचा भुगा झाला. सोफिकाच्या केसांतून तिने अक्रोडाचं टरफल काढलं. मग तिथेच बाकावर बसली.

तेवढ्यात तोआदेर आजोबा आले. हात कोपरापर्यंत धुतलेले, चेहरा फुललेला. "जुळी झाली, बाई! दोन्ही जिवंत! चल गं पोरी. अहो बाई, उद्याचं हिच्या आईला सांगितलंय बरं का. म्हणाली, कामावर असले तरी फोन खिशात चालू ठेवते, माझी पोर साहेबांपुढे वाचताना ऐकायचंय मला. मी इथे दाराशीच उभा राहतो, फोन असा धरून."

"आजोबा…"

"काय बाई?"

"लाकडं," रुक्सांद्रा म्हणाली. "सकाळी लवकर आणा."

ते गेल्यावर तिने अग्लाया मॅडमना फोन लावला. मॅडमचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता.

"वाचत नाही म्हणजे? घडाघडा म्हणते ना?"

"म्हणते, मॅडम. वाचत नाही. तिला एक शब्द येत नाही."

"ते तुला माहीत. साहेबांना कुठे माहीत आहे? उद्याचा दिवस जाऊ दे, परवापासून शिकव तिला काय शिकवायचं ते. अगं, तिच्यासाठीच सांगतेय! तू गेलीस तर ती गाडीत बसून खाली येईल. तिकडे कोण बघणार तिच्याकडे?"

रुक्सांद्राने फोन ठेवला. मॅडम खोटं बोलत नव्हत्या.

उजेड होता तोवर ती लिहीत राहिली, पुसत राहिली. शेवटी माझ्या रेघांच्या बाजूवर तिने कोंबडीचं पान लिहून ठेवलं. कोऱ्या बाजूवर तीन शब्द लिहिले. घर, लाकूड, मेंढी. हे तीन शब्द एका ओळीत पुस्तकाच्या कुठल्याच पानावर नव्हते. दोन बाजूंवर दोन टाचणं घेऊन मी उभा राहिलो. उद्या ती मला कुठे फिरवेल हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं. जाताना तिने माझ्या कडेवर कपाळ टेकवलं, ते गरम होतं.

सकाळी शेगडी लालबुंद. बाहेरच्या पडवीत गावातल्या बायांनी टेबल लावलं होतं. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, गोड पाव, कॉफी. तपासनीस होदोरोआगा साहेब आले ते घोट्यापर्यंत चिखलात. तोआदेर आजोबांनी मिनरल वॉटरची बाटली पुढे केली. झाकण उघडताच आलुबुखाराच्या दारूचा वास माझ्यापर्यंत आला.

"मला पोटाचा त्रास आहे, आजोबा," साहेब म्हणाले.

"मग बरोबर आहे, साहेब. हे त्याच्यावरचंच औषध."

साहेबांनी बाटली हळूच बाजूला सारली आणि मागच्या बाकावर येऊन बसले. अग्लाया मॅडम त्यांच्या शेजारी.

मोठ्यांचं काम छान चाललं. रुक्सांद्राने त्यांना गावाचा नकाशा काढायला लावला. ज्या घराच्या धुराड्यातून धूर येतो ते घर रंगवायचं, ज्यातून येत नाही ते कोरं ठेवायचं. मग कोऱ्या घरातली माणसं कुठे गेली ते खाली लिहायचं. पोरं माना खाली घालून लिहू लागली. साहेब एकाच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. मला जरा बरं वाटलं.

मग लहानांची पाळी. सोफिका आधीच उठून उभी. इटलीहून आलेला निळा झगा, वेणी घट्ट. दारात आजोबा, फोन असलेला हात लांब करून, जशी काही हातात गरम चहाची किटली आहे.

रुक्सांद्राने माझ्या वरच्या कडेला हात लावला. रेघांची बाजू पुढेच होती. काहीच करायची गरज नव्हती. नुसतं "वाच" म्हणायचं होतं.

तिने मला ढकललं. मी उलटलो. घर, लाकूड, मेंढी.

अग्लाया मॅडमना खोकला आला.

"बाई," सोफिका म्हणाली, "कोंबडी पलीकडे आहे."

"आज कोंबडी नको. आज आपण सगळे मिळून एक नवा शब्द उघडू. हळूहळू."

सोफिकाने उजवा हात वर केला. मग दोन्ही केले. पायांच्या बोटांवर उभी राहिली. "पण मला येतं! बाई, मी वाचते ना! आई ऐकतेय!"

"बैस, सोफिका. आत्ता नको, राणी."

ती बसली नाही. सरळ माझ्यापाशी आली, 'घर'खाली बोट ठेवलं आणि मान ताठ करून, खणखणीत आवाजात सुरू झाली. "कोंबडी अंगणात आली. तिच्यामागे पिल्लं आली. कोंबडीने दाणे टिपले. पिल्लांनी पाणी प्यायलं."

एक पोर खुदकन हसलं. सावेताने त्याच्या पायावर पाय दिला. साहेब माझ्याकडे बघत होते, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

आणि फोनमधून एक बारीक आवाज आला. "शाब्बास गं माझी बाय ती! शाब्बास!" लांबवर कुठेतरी ती बाई टाळ्या वाजवत होती. दारात आजोबांनीही हात फोनवर थोपटला. त्यांना माझ्यावरचं दिसत नाही, चष्मा घरी असतो.

मी आयुष्यात पुष्कळ बघितलं, पण ते ऐकून मला चौकटीतून निसटून पडावंसं वाटलं.

रुक्सांद्रा दाराशी गेली. फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "ऐकलंत ना ताई? सगळं पान तोंडपाठ आहे तिला. एक शब्द चुकली नाही." मग आजोबांना म्हणाली, "आता बंद करा फोन. त्यांना काम असेल."

परत येऊन ती जमिनीवर गुडघे टेकून बसली. तपासनिसांकडे तिची पाठ झाली होती, ते तिच्या लक्षातही नव्हतं.

"सोफिका, हे कोंबडीचं पान नाही."

"मग कुठलं?"

"कुठलंच नाही. हे पुस्तकातच नाही. मी काल लिहिलं."

सोफिका मागे सरकली. "मग मी कशी वाचू?"

"माझं बोट धर. हे पहिलं काय आहे?"

बराच वेळ गेला. मोठ्यांचे नकाशे संपले, त्यांची कुजबुज सुरू झाली, मग गोंगाट. आपलं आपण करायला पुढचं काम द्यायला हवं होतं, ते टाचणात होतंही, पण रुक्सांद्रा उठली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. आणि तेव्हा माझ्या अंगावरून काहीतरी चाललं. अगदी हलकं, अडखळत, एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर. सोफिका माझ्याकडे बघत होती. पहिलं अक्षर तिने पुटपुटलं. दुसऱ्याशी अडली. ओठ घट्ट मिटले. तास संपला.

पोरं बाहेर पळाली. साहेब पुढच्या छोट्या बाकावर येऊन बसले, गुडघे छातीशी.

"बाई, मार्च चालू आहे. पहिलीच्या पोरीला एक शब्द येत नाही आणि तो तुम्ही माझ्यासमोर मांडता. पलीकडे काय आहे ते मी उठून बघितलं. फिरवलं नसतं तर मी एव्हाना बाहेर जेवत असतो."

"हो साहेब."

"मग?"

"मला काल दुपारी कळलं, साहेब. सप्टेंबरपासून ती माझ्यासमोर… आणि मला वाटायचं… आता कळल्यावर पुन्हा तिला तेच म्हणायला लावायचं म्हणजे…"

साहेबांनी चष्मा पुसला. "गुण मी जे दिसलं त्याचे देतो. वर्ग हातातून सुटला होता. मोठी पोरं रिकामी होती. ते मला लिहावं लागेल."

"हो साहेब."

"नकाशाचं काम चांगलं होतं. तेही लिहीन." ते उठले. जेवले मात्र नाहीत. अग्लाया मॅडम पडवीतून जाताना एवढंच म्हणाल्या, "वेडी आहेस तू." पण बोलताना त्यांनी रुक्सांद्राच्या अंगावरची शाल सारखी केली.

नंतरचे दिवस वाईट गेले. सोफिकाने वाचणंच सोडलं. कोंबडीसुद्धा नाही. हात वर नाही, उत्तर नाही. शाळेतलं सगळ्यात बोलकं पोर मुकं झालं. रुक्सांद्राकडे ती बघायचीही नाही. दुपारी आजोबा येईपर्यंत दोघी माझ्यासमोर बसायच्या, एक शब्द फळ्यावर, आणि मधे नुसती शांतता. मला वाटायचं, आपण एक चांगलं खेळतं पोर मोडून ठेवलं. रुक्सांद्रालाही तेच वाटत असावं. ती टाचण काढताना रडायची आणि खडू ओला व्हायचा.

आजोबांना तिने सगळं सांगितलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "म्हणजे पोर खोटं वाचत होती?"

"खोटं नाही, आजोबा. तिला जे ऐकू आलं ते तिने मनापासून सांभाळून ठेवलं. बघायला मी शिकवलं नाही."

"मग आता शिकवा," आजोबा म्हणाले आणि शेगडीत लाकूड टाकलं. दुसरं काय म्हणणार बिचारे.

मे महिन्यात कधीतरी, आजोबा तिला न्यायला आले असताना, सोफिका त्यांच्या बाटलीकडे एकटक बघत राहिली. ओठ हलत होते. मग ती रागावून म्हणाली, "आजोबा, इथे पाणी लिहिलंय. तुम्ही सगळ्यांना फसवता."

आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रुक्सांद्रा इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. सोफिकाला मात्र हसू आलं नाही. ती माझ्याकडे वळली आणि माझ्यावर जे काही होतं ते सगळं, एकेक, अडत, चिडत वाचत सुटली. मला गुदगुल्या सोसवेनात.

जूनमध्ये शाळा सुटली. रुक्सांद्राचा निकाल अजून यायचा आहे. उन्हाळा संपता संपता येईल म्हणतात. ती कायम होईल की नाही, शाळा राहील की नाही, कुणाला ठाऊक नाही. शेवटच्या दुपारी तिने मला स्वच्छ पुसलं, मधे उभी रेघ मारली आणि सप्टेंबरच्या पहिल्या दिवसाचं टाचण लिहायला घेतलं. वाचन, लेखन, परिसर अभ्यास. बाईंसोबत, आपलं आपण. कुणाला कुठलं अक्षर जड जातं, कोण डावखुरा आहे, कुणाचा बाप नुकताच परतलाय आणि घरात काय चाललंय म्हणून त्या पोराला पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नये. या वेळी तिने वहीत उतरवलं नाही, पुसलंही नाही.

सोफिका दप्तर पाठीला लावून बाजूला उभी राहून वाचत होती. 'दुसरी' वाचलं. 'सप्टेंबर'ला बराच वेळ लागला.

"बाई, तेव्हा तुम्ही असाल?"

"तू पुढे वाच," रुक्सांद्रा म्हणाली.

रुक्सांद्रा गेल्याला आता बरेच आठवडे झाले. खोली बंद आहे. ऊन खिडकीतून माझ्यापर्यंत येतं आणि माझा रंग खालच्या बाजूने सुटत चाललाय. बाहेर पाऊल वाजलं की माझी चौकट हलते. ती असेल, की कुणी नवीन बाई, की मला उचलून गोठ्यात न्यायला आलेली माणसं, काही सांगता येत नाही.

कुणीही येवो. माझं त्या माणसाला एवढंच सांगणं आहे. ओलं फडकं जरा वेळ बाजूला ठेवा, आणि पुसण्याआधी वाचा. अक्षर बारीक आहे, तळाशी तर उकिडवं बसावं लागेल. कंटाळा आला तर कुंपणापलीकडे सोफिकाला हाक मारा, ती येऊन वाचून दाखवेल. उशीर लागेल तिला. थांबा. आणि ती अडली तर मधेच शब्द सांगू नका.